दोन वर्षांच्या पाठीवरचं म्हातारपण

त्वचारोगाच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर माणसं एकमेकांच्या अंगाकडे बिनदिक्कत बघतात. दुसरीकडे कुठे कोणाला असं निरखून बघितलं तर भांडण होईल, इथे चालतं. मी भाचीबरोबर गेले होते. तिचा ईशान, दोन वर्षांचा, उकाड्याने कातावून सदरा काढून बसला होता, आणि पाठीवरचे तांबूस-तपकिरी डाग ट्यूबलाइटच्या उजेडात जास्तच उठून दिसत होते. शेजारी नऊवारीतल्या एक आजी. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग स्वतःचा हात त्याच्या पाठीजवळ नेला. मनगटापासून बोटांपर्यंत तसेच तपकिरी ठिपके, वयाने आलेले. "माझ्यासारखंच की गं हे," त्या भाचीला म्हणाल्या, "लेकराला एवढ्यात कुठलं म्हातारपण आलं?" भाची कसनुसं हसली. ईशानला त्यांच्या हिरव्या बांगड्यांत रस होता. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

आजींचे डाग आणि ईशानचे डाग यांचा काडीचाही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांचे उन्हाने आणि वयाने आलेले. ईशानचे मास्ट पेशींचे. अ‍ॅलर्जीच्या वेळी हिस्टामिन सोडणाऱ्या ह्या पेशी तुमच्या-माझ्या कातडीतही असतात, पण विखुरलेल्या. त्याच्या अंगावर त्या ठिकठिकाणी घोळक्याने जमल्यात. उभी नोकरी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे कापून-रंगवून भिंगाखाली बघायच्या, खोलीत काढलेल्या बाईला एवढं कळायलाच हवं. तरी आजींचा प्रश्न डोक्यातून जाईना. दूध तापवताना, फुलं तोडताना, परत परत तोच. कारण तो वाटला तेवढा खुळा नव्हता. निदान झाल्यापासून ह्या आजाराबद्दल मी जे वाचत होते त्यात म्हातारपण खरोखरच होतं. फक्त ते हातावर दिसणारं नव्हतं, एकेका पेशीच्या पोटातलं होतं.

डाग पहिल्यांदा पाहिले ते मालीशवाल्या बाईंनी. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या अंगाची सगळ्यात बारीक तपासणी डॉक्टरांच्या आधी त्याच करतात. पायांवर पालथं घालून तेल चोळायचं, डाळीच्या पिठाने घासायचं, मग सोसवेल तेवढं ऊन पाणी. त्या म्हणाल्या, "ताई, ह्याच्या पाठीवर हे भुरे डाग आहेत ना, ते पाणी घातलं की तांबडे होतात अन् फुगतात. पुसून ठेवलं की बसतात." त्या एका वाक्यात आख्खं निदान होतं. मास्ट पेशी भडकायला घासणं पुरतं, उष्णता पुरते, एकदम गरम-गार झालेलं पुरतं. आपल्या बाळंतिणीच्या खोलीतली आंघोळ म्हणजे ह्या तिन्हींचा सोहळा. घरात मात्र "पित्त उठतंय" असं ठरलं. भाचीच्या सासूबाई प्रेमळ आणि कामाला तत्पर. त्यांनी आमसूल भिजवून पाठीला चोळलं, जसं त्यांच्या आईने त्यांना चोळलं असेल. पाच मिनिटांत सगळी पाठ गांधींनी भरली, पोर लालबुंद होऊन किंचाळायला लागलं. आमसुलाने काही केलं नव्हतं, चोळण्याने केलं होतं, हे पुढे बऱ्याच महिन्यांनी कळलं. आमसूल बिचारं त्या घरातून हद्दपार झालं ते झालंच. अजूनही आमटीत चिंचच पडते.

निदान झालं ते जीभ दाबायच्या लाकडी पट्टीने. डॉक्टरबाईंनी एका डागावरून ती पट्टी बेताच्या दाबाने चार-पाच वेळा ओढली आणि घड्याळाकडे बघत गप्प बसल्या. ईशानही नवल वाटून गप्प. बघता बघता डाग उठून आला, कडेने लाली पसरली. शेजारच्या साध्या कातडीवर तशीच पट्टी ओढली, तिथे काही नाही. ज्याँ दारिए ह्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ही खूण ओळखली जाते; शंभर वर्षांहून जुनी, आणि खर्च म्हणाल तर एका पट्टीचा. कागदावर लिहिलं गेलं क्युटेनियस मास्टोसायटोसिस, त्याखाली जुनं नाव अर्टिकेरिया पिगमेंटोजा. भाचीने ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. नाव लांब असलं की आजार मोठा असणार, असं आपल्याला वाटतं. रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून सुटणारं विकर, तपासलं. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर गेलं तर हाडांच्या आतल्या मज्जेकडे संशय जातो, ते बरंच खाली आलं. यकृत-प्लीहा वाढलेली नाही. "बहुतेक मुलांमध्ये वयात येईपर्यंत हे फिकं होतं, पुष्कळांचं जातंही," डॉक्टरबाई म्हणाल्या. कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं, अ‍ॅलर्जीचं सिरप, गांधीलमाशीपासून जपायचं, ठरावीक वेदनाशामकं विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. भाचीने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. मी एकाच शब्दाशी अडले होते. जातं. जातं म्हणजे नेमकं काय होतं?

बायोप्सी घ्यायची ठरली. भुलीचं इंजेक्शन डागात न देता कडेला दिलं, नाहीतर सुईनेच तो भडकायचा. तुकडा ज्या प्रयोगशाळेत गेला तिथे माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी आता मुख्य तंत्रज्ञ आहे. आपल्या माणसाचा तुकडा आपण बघू नये असं आमच्याकडे म्हणतात. मी गेले. मेणाचा ठोकळा बर्फावर गार करून मायक्रोटोमला, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्राला, लावलेला होता. चाक फिरवलं की पात्यावरून मेणाची फीत सुटते, चार मायक्रॉन जाडीची; तिची चुणी कुंचल्याच्या टोकाने सोडवायची, कोमट पाण्यावर टाकायची, ती आपोआप पसरते, आणि काचपट्टी तिरकी बुडवून खालून अलगद उचलायची. श्वास रोखून. झायलिनचा वास नाकात गेला आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला त्या खोलीची आठवण आली नाही, कारण मी तिच्यातच होते. टोल्युडीन ब्लू घातला. सगळी कातडी निळी, आणि वरच्या थराच्या लगेच खाली जांभळ्या पेशींची दाटी. डबीतला रंग निळाच असतो. मास्ट पेशीतल्या दाण्यांमधल्या हेपॅरिनशी गाठ पडली की तो जांभळा होतो. इतकी वर्षं बघूनही हे मला जुनं झालेलं नाही. एरवी साध्या कातडीत ह्या पेशी शोधाव्या लागतात, केशवाहिन्यांच्या आजूबाजूला एखाद-दुसरी. ईशानच्या तुकड्यात शोधायचं काही कामच नव्हतं.

हा जांभळा रंग ओळखणारा पाउल एर्लिख तेव्हा विद्यार्थी होता. १८७८ मधला त्याचा प्रबंध, लाइपझिगचा. त्याच्या नऊ वर्षं आधी लंडनमध्ये नेटलशिप यांनी एका लहान मुलीच्या अंगावरच्या अशाच विकाराची नोंद केली होती: गांधी उठतात, मागे तपकिरी डाग राहतात. तिचं वय दोन वर्षं. ते वाचताना उगाचच बरं वाटलं. हँबर्गच्या उन्ना यांनी १८८७ मध्ये ह्या डागांत मास्ट पेशी दाखवल्या, आणि एर्लिखच्या पेशी आणि नेटलशिपची मुलगी एकत्र आली.

पुढची मोठी गोष्ट जनुकाची. मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर किट नावाचा एक ग्राहक असतो. बाहेरून संदेश आला की तो पेशीला जग, वाढ असं सांगतो. ह्या आजारात किटच्या जनुकात बदल झालेला असतो; मोठ्या माणसांत बहुतेकदा एकच, डी८१६व्ही, म्हणजे किट प्रथिनाच्या साखळीतल्या ८१६व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं. कोणी आलेलं नाही, बेल वाजतेच आहे. मुलांमधला आजार वेगळा, सौम्य, बहुधा कशाची तरी प्रतिक्रिया असावा, असं बरीच वर्षं मानलं जाई. तो आपोआप जातो ना, मग जनुकाचा दोष कसा असेल? पॅरिसच्या नेकर रुग्णालयातल्या गटाने २०१० मध्ये ५० मुलांच्या डागांची तपासणी प्रसिद्ध केली आणि बहुसंख्य मुलांत किटमध्ये बदल सापडले. काहींत तर तोच डी८१६व्ही. म्हणजे बेल मुलांतही अडकलेली आहे. मोठ्यांत ती आयुष्यभर वाजत राहते आणि मुलांत दहा-पंधरा वर्षांनी गप्प होते.

का होते?

माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, शाळेत गणित शिकवत. त्यांचे डाग पस्तिशीनंतर आले, मांड्यांवर आणि पोटावर, मसुरीएवढे, सगळे एकसारखे. अस्थिमज्जा तपासली, तिथेही मास्ट पेशींचे पुंजके. आजार संथ आहे, माणूस मजेत आहे, पण डाग आले तसे आहेत. गृहस्थांचे केस पांढरे झाले, गुडघे गेले, चष्म्याचे नंबर वाढले. डाग मात्र जसेच्या तसे टवटवीत. आणि इकडे ईशान, ज्याचे दुधाचे दातही सगळे आलेले नाहीत, त्याच्या डागांनी आपलं आयुष्य आटोपतं घ्यावं अशी अपेक्षा. ह्या दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघितलं आणि ओपीडीतल्या आजींचा प्रश्न मला नीट ऐकू आला.

पेशी म्हातारी होते हे आता शाळेतली मुलंही सांगतील, पण ते मान्य व्हायला वेळ लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयाच्या पेशी काचपात्रात लावल्या आणि त्या अमर आहेत असा बोलबाला झाला. कॅरल गेल्यावरही काही काळ त्या संवर्धनाची बडदास्त चालू होती. फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा दुभंगतात आणि थांबतात. मरत नाहीत, पण पुढे जात नाहीत. गुणसूत्रांची टोकं, टेलोमेअर, दर विभाजनात झिजतात, ह्या मागच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. हे झालं वयाचं म्हातारपण. पण १९९७ मध्ये एक वेगळंच दिसलं: निरोगी पेशीत रास हे कर्करोगाकडे ढकलणारं जनुक घातलं, तर ती बेफाम वाढायच्या ऐवजी काही दिवसांतच कायमची थांबते. टोकं झिजलेली नाहीत, वय झालेलं नाही. फाजील वाढीचा हुकूम आला म्हणूनच ती एकदम म्हातारी होते. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात म्हातारी पेशी असू शकते ती ह्या वाटेने.

ह्याचं सगळ्यात घरगुती उदाहरण आपल्या अंगावरच आहे. तीळ. बहुतेक तिळांच्या पेशींत बीरॅफ नावाच्या जनुकात बदल असतो, आणि तसाच बदल मेलॅनोमा ह्या त्वचेच्या कर्करोगातही पुष्कळदा सापडतो. तरी तीळ डाळीएवढा होतो आणि जन्मभर डाळीएवढाच राहतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की तिळांतल्या पेशींत म्हातारपणाच्या खुणा असतात: पी१६ हे थांबवणारं प्रथिन वाढलेलं, विभाजन बंद. माझ्या हनुवटीवर एक आहे. आजी त्याला नशिबाचा म्हणायची, आणि तो वाढला तर नशीब वाढेल अशी माझी लहानपणी समजूत होती. तो वाढला नाही हेच नशीब, हे कळायला नोकरी लागावी लागली. सरळ गोष्टींवर माझा फार विश्वास नाही म्हणून हेही सांगते, की २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने उंदरांच्या तिळांवरून ह्याला हरकत घेतली. त्यांच्या मते त्या पेशी म्हाताऱ्या दिसत नाहीत, एकमेकींचा अंदाज घेऊन थांबतात. तर वाद चालू आहे.

मास्ट पेशींबद्दलची कल्पना ह्याच धर्तीची. किटचं बटण अडकलं, पेशी वाढल्या, जमल्या, डाग झाला. आणि मग त्याच अतिरेकाने पेशींनी आपलं विभाजन कुलूपबंद केलं. जुन्या झालेल्या एकेक करून संपत गेल्या, जागी नव्या आल्या नाहीत, डाग विरला. ऐकायला फार देखणं आहे. आपल्या पोराच्या बाबतीत असावं असं वाटायला लावणारं. म्हणूनच मी माझ्या जुन्या सवयीने विचारलं, हे काचपट्टीवर दाखवणार कसं?

पी१६चा रंग मी नोकरीच्या शेवटच्या काळात रोज चढवत होते, पण गर्भाशयमुखाच्या तुकड्यांवर. तिथे तो सलग, दाट तपकिरी आला की मी पट्टी न बोलता सरांच्या टेबलावर ठेवायचे. काय लिहिलं जाणार ते माहीत असायचं. पॅपिलोमा विषाणू पेशीचं विभाजन रोखणारं रेटिनोब्लास्टोमा प्रथिन निकामी करतो. पेशी थांबण्यासाठी पी१६ वाढवत राहते, पण ते ज्याच्या जोरावर काम करायचं तेच मोडलेलं, म्हणून पी१६ ढीगभर आणि वाढ चालूच. तर त्या खोलीत तपकिरी म्हणजे वाईट बातमी. कोणाची तरी आई, कोणाची बहीण. तोच रंग, तेच प्रथिन, तीच बाटली, आणि तिळात किंवा मास्ट पेशीत आला तर बातमी चांगली: ही थांबलेली आहे. हाताला एक अर्थ बसलेला असताना दुसरा बसवणं सोपं नसतं. अजूनही पुस्तकात पी१६च्या तपकिरी चित्रावर नजर गेली की आधी पोटात कालवतं, मग मी मथळा वाचते.

बाकीच्या खुणांचंही असंच, प्रत्येकीत एक खोट. आम्लता सहाच्या आसपास ठेवून बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा निळा रंग पाहायचा, ही १९९५ पासूनची सगळ्यात गाजलेली चाचणी. ती ताज्या किंवा गोठवलेल्या तुकड्यावर करावी लागते. फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणात बसवलेल्या ठोकळ्यांत ते विकर जिवंत राहत नाही. म्हणजे कपाटांत वर्षानुवर्षं साठलेले ठोकळे ह्या कामाला बाद. शिवाय हे विकर लायसोसोममधलं, म्हणजे पेशीच्या पाचक पिशवीतलं, आणि मास्ट पेशीचे दाणे म्हणजे एका अर्थी लायसोसोमचीच भावंडं, पाचक विकरांनी ठासून भरलेली. अशा पेशीत निळं दिसलं तर ते म्हातारपणाचं की स्वभावाचं, कोणी सांगायचं? मेणातल्या तुकड्यावर लिपोफ्युसिन हा वयाचा तपकिरी कचरा सुदान ब्लॅकने रंगवता येतो, तो बरा. केआय-६७ हा विभाजनाचा रंग; तो आला नाही म्हणजे पेशी दुभंगत नाही, एवढंच. पण पिकलेली मास्ट पेशी एरवीही क्वचितच दुभंगते. त्वचेत ती महिनोन् महिने राहते, दाणे उधळते, परत भरते, परत उधळते. विश्रांती घेणारी आणि निवृत्त झालेली, दोघी भिंगाखाली सारख्याच बसलेल्या दिसतात. निवृत्त बाई म्हणून मला ह्यात गंमत वाटते. मलाही लोक फोन करून विचारतात, "काय, आराम का?"

थांबलेली पेशी गप्पही बसत नाही. म्हाताऱ्या पेशी आजूबाजूला दाहक रेणू सोडत राहतात, इंटरल्युकिन-६ त्यातलं एक ठळक. आता गंमत अशी की अडकलेलं किटसुद्धा मास्ट पेशीकडून इंटरल्युकिन-६ काढवतं. म्हणजे ही खूणही दोन्हींकडची साक्ष देणार. म्हणून कोणी एका रंगावरून पेशी म्हातारी आहे असं ठामपणे सांगितलं तर मी ऐकून घेते, मान हलवते, आणि दुसरी पट्टी मागते. पी१६, तसंच थांबवणारं पी२१, केआय-६७, लिपोफ्युसिन, सगळ्या एकाच पेशीवर, आणि त्या पेशीवर मास्ट पेशीची ओळख पटवणारं ट्रिप्टेज. शेजारच्या फायब्रोब्लास्टने, म्हणजे कातडीचे धागे विणणाऱ्या पेशीने, रंग घेतला आणि श्रेय मास्ट पेशीला गेलं, असं होता कामा नये. चार मायक्रॉनच्या फितीवर हे करणं काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक.

डाग जाण्याची दुसरी वाटही संभवते, आणि खरं सांगायचं तर मला ती जास्त पटते. उंदरांवरच्या २०१८ च्या कामातून दिसलं की त्वचेतल्या पहिल्या मास्ट पेशी गर्भाच्या पीतकपिशवीतून आलेल्या असतात, आणि वाढीबरोबर त्यांची जागा पुढच्या पिढ्यांच्या पेशी घेतात. माणसाच्या बाळातही असं काही होत असेल, आणि किटचा बदल त्या पहिल्या पिढीपुरताच असेल, तर ती पिढी सरली की डाग सरेल. म्हातारपणाचे रंग वगैरे काही न लागता. त्या गणिताच्या मास्तरांच्या बाबतीत बदल अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत पोचलेला, तिथून पुरवठा चालूच. म्हणून डाग टवटवीत. ह्यात पेशीला म्हातारं व्हावं लागत नाही, फक्त बदली मिळावी लागते. कदाचित दोन्ही थोडं थोडं असेल.

हे सगळं वाचत असताना माझं स्वतःचं काय चाललं होतं, तेही लिहायला हवं. गेल्या वर्षी हातांवर डाग दिसायला लागले आणि मी मेडिकलमधून एक महागडं क्रीम आणलं. डब्यावर 'एज डिफेन्स' असं काहीतरी चमकत्या अक्षरांत. इकडे रात्री क्रीम चोळायचं आणि तिकडे वाचायचं की पेशीने वेळेवर म्हातारं होणं ही शरीराने शोधलेली मोठी शहाणपणाची युक्ती आहे, ती नसती तर प्रत्येक तीळ जीवावर उठला असता. एका हाताने म्हातारपण पुसायचं, दुसऱ्याने नातवासाठी ते मागायचं. आता म्हाताऱ्या पेशी निवडून मारणाऱ्या औषधांचा गाजावाजा आहे. त्यातली पहिली गाजलेली जोडी डासाटिनिब आणि क्वेर्सेटिन, २०१५ मधली. मला खरी मौज वाटली ती ह्यात, की डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध किटलाही अडवतं, आणि मोठ्यांच्या मास्टोसायटोसिसमध्ये ते वापरूनही पाहिलेलं आहे, फारसं यश न येता. क्वेर्सेटिन कांद्यात भरपूर असतं. हे मी घरी बोलले ती माझी दुर्बुद्धी, कारण त्या दिवसापासून यजमानांना कांदाभज्यांसाठी वैद्यकीय आधार मिळाला आहे.

भाचीला मी हे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. ती संगणकाच्या नोकरीतली, तिला कारणं आवडतात. तिने लगेच विचारलं, "मावशी, मग ईशानच्या त्या ठोकळ्यावर पी१६ करून घेऊ या का? कळेल तरी, जाणार आहेत की राहणार." मी नाही म्हटलं. ठोकळा आहे, रंग चढवता येईल, प्रयोगशाळेतल्या त्या मुलीला फोन केला तर ती उद्या करून देईल. पण तपकिरी आलं तर भाची निर्धास्त होईल आणि नाही आलं तर झोप उडेल, आणि दोन्हींना त्या पट्टीत पुरेसा आधार नाही. अंदाजच बांधायचा तर तो साध्या नजरेने जास्त चांगला बांधता येतो: ईशानचे डाग वेगवेगळ्या आकारांचे, काही मोठे, पसरट, आणि लवकर आलेले. असे डाग सहसा जातात. मास्तरांसारखे बारीक, एकसारखे असते तर काळजी जास्त. भाचीला ते पटलं, पण चेहऱ्यावरून वाटलं की तिला तपासणीच हवी होती. मला तिचं कळतं. कागदावर काहीतरी छापून आलं की माणसाला धरायला जागा मिळते, आणि असे कागद मी जन्मभर लोकांना तयार करून दिले आहेत.

तर सध्या दर पौर्णिमेला, तारीख लक्षात राहावी म्हणून सासूबाईंनी पौर्णिमा ठरवली आहे, ईशानच्या पाठीचा फोटो निघतो. तेवढ्याच उजेडात, बाल्कनीच्या दाराशी, शेजारी मोजपट्टी धरून. ह्या वेळचा आला आणि फोनवर वाद झाला. सासूबाई म्हणतात, डाग नक्की विरळ झालेत. भाची म्हणते, डाग तेवढेच आहेत, तिने मोजलेत, पोरगा उंच झाला म्हणून लांब लांब दिसतात. दोघींनी मला फोटो पाठवले आणि निकाल मागितला. मी म्हटलं, आधी पाठ मोजा.